व्हिडिओ गेमने डोकी फुटतात हे सिद्ध करताना

१८ नोव्हेंबर २००७, रविवार

आजच्या ग्रामसभेत एकमताने माझी गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष म्हणून निवड. एकमताने म्हणजे हजर असलेल्यांच्या. भाताची झोडणी चालू असल्याने हजेरी बेताची होती. सरपंच ताराबाईने विचारलं की टाइम कोनाला हाय, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. यालाच जनतेचा कौल म्हणतात.

योग्य पद योग्य माणसाकडे आलं. आटगावच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो, युनियनचा सहसेक्रेटरी होतो, सन्मानाने व्हीआरएस घेतली. या मोहखिंडीत इंग्रजी अर्ज वाचून समजणारा दुसरा माणूस दाखवा. बाकी सगळे भात लावतात, भात कापतात आणि मधल्या वेळात झोपतात.

संकल्प: मे महिन्यात तपासणी समिती येणार. तालुक्यात पहिलं बक्षीस आपलं. स्टेजवर सत्कार, पेपरात फोटो. सफारी शिवायला टाकणे.

माझा धाकटा भाऊ लखमा खांबाआड बसला होता. त्याने हात वर केला नाही. केला असेल तरी मी बघितलं नाही. आमचं बोलणं बंद आहे, पण हा तंटा नव्हे. वाटणीनंतर त्याने आमच्या दोन खाचरांमधला बांध माझ्या बाजूने वीतभर कोरला. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. अगदीच काही नडलं तर मी माझ्या गोठ्यात म्हशीला मोठ्याने सांगतो, आणि तो कुडापलीकडून त्याच्या बैलाला उत्तर देतो. व्यवहार सुरळीत चालू आहे.

२५ नोव्हेंबर, रविवार

गावात विष आलं. डोळखांबकडचा भगीरथ, जो उल्हासनगरला टीव्ही रिपेरिंगच्या दुकानात होता, त्याने बंद पडलेल्या भातगिरणीत व्हिडिओ गेम टाकला. एक मोठा टीव्ही, दोन जॉयस्टिक, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि बसायला एक बाकडं.

समोरच्या टपरीवर बसून तासभर पाहणी केली. टीव्हीत एक लाल चड्डीवाला आणि एक पिवळ्या दाढीवाला एकमेकांना लाथा घालतात. कारण काय, कोणालाही माहीत नाही. वाटणी नाही, वाट अडवलेली नाही, काही नाही. नुसत्या लाथा. कॉम्प्युटरवर तर फक्त बंदूक दिसते. बंदूक धरणारा माणूस दिसतच नाही, आणि समोर येईल तो मरतो. ही मनोरंजनाची कल्पना.

खेळणारे कोण? एक लखमाचा अक्षय. बारावीला आहे, म्हणजे पुस्तक सोडून सगळीकडे आहे. दुसरा वरच्या पाड्यावरचा मंगळू, वीटभट्टीवर जातो. दोघे एकमेकांना ठार मारून दात काढत होते.

माझं भाकीत: जानेवारीतल्या म्हशाच्या जत्रेआधी या गावात डोकं फुटणार. डोकं मंगळूचं, फोडणारा अक्षय. ते रक्त कुठलं आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

गेम बंद पाडायचाच.

२ डिसेंबर, रविवार

सह्यांची मोहीम. निवेदन मीच लिहिलं, मथळा 'हिंसेचे विषारी बीज'. घरोघरी फिरलो. आपल्या लोकांना वाचायचा कंटाळा, सही करायचा नाही. काहींनी रेशनकार्डाचं काम समजून सही केली. केली ते महत्त्वाचं.

मैनाने मात्र केली नाही. बायको असून. म्हणाली, पोरा संध्याकाळची एका जागी सापडतात तर बराच हाय की, पयली नदीवर पत्ते कुटत बसायची. बायकांना दूरचं दिसत नाही.

प्रियांका आईच्या वरताण. शहापूरला कॉलेजात जायला लागल्यापासून वादविवाद करते. म्हणाली की यावर परदेशात पुष्कळ अभ्यास झालाय आणि शास्त्रज्ञांचंच एकमत होत नाही. मी सांगितलं, शास्त्रज्ञांनी मोहखिंड बघितलेली नाही. मग तिने विचारलं की पणजोबा एका फणसावरून कोयता घेऊन चुलतभावामागे नदीपर्यंत धावले होते, तेव्हा ते कुठला गेम खेळत होते. मी तिला शांतपणे समजावलं की ती माणसं साधी होती, त्यांचा राग शुद्ध होता. तिला पटलं नाही. शिक्षणाचा दर्जा घसरलाय.

१३ डिसेंबर, गुरुवार

शहापूरला अध्यक्षांचं प्रशिक्षण. पुरीभाजी बरी होती. बाकी दिवस काळा.

साहेबांनी गुण कसे देणार ते सांगितलं. तंटा दाखल करून घ्यायचा, दोन्ही बाजू बसवायच्या, मिटवायचा, सह्या घ्यायच्या, की गुण. जितके तंटे मिटवाल तितके गुण. आमच्या शेजारच्या कुडेखोलचा अध्यक्ष फुगलेली फाइल मांडीवर घेऊन बसला होता. बांधाचे तंटे, वाटेचे, विहिरीचे, एक तर नुसत्या कोंबडीचा. भाग्यवान गाव.

मोहखिंडीचे दाखल तंटे शून्य. मिटवलेले शून्य. मी उभा राहून विचारलं की ज्या गावात तंटेच नाहीत त्याला जास्त गुण हवेत ना. साहेब म्हणाले, जे भांडलेच नाहीत त्यांचं मिटवणार काय? सगळा हॉल हसला. कुडेखोलचा सगळ्यात मोठ्याने.

परतताना एसटीत विचार केला. इतकी वर्षं आमच्या लोकांनी केलं काय? एक मारामारी म्हणून नाही. दारू पितात आणि गाणी म्हणतात. असल्या मेंगळट लोकांचा अध्यक्ष होऊन मी बक्षीस आणायचं कसं?

मग एकदम उजेड पडला. गेम!

निवेदन घरी आल्या आल्या बंबात घातलं. पाणी चांगलं तापलं. नवीन धोरण: गेम चालूच राहिला पाहिजे. गेममधून हिंसा होणार हे तर ठरलेलंच आहे. झाली की मी मिटवणार. शिवाय भाषणात कारणही सांगता येईल. आधीच्या धोरणात आणि यात काडीचा विरोध नाही. उलट हे जास्त खोल आहे.

२० डिसेंबर, गुरुवार

रोज संध्याकाळी टपरीवर बसतो. चहा पिऊन पिऊन पित्त झालं.

आज अक्षयने मंगळूला टीव्हीत सहा वेळा मारलं. शेवटच्या वेळी तर तो आडवा पडलेला असताना वरून उडी मारली. मी उठून उभा राहिलो. वाटलं, आता. तेवढ्यात लोडशेडिंग. दोघे बाहेर आले. मंगळूने सायकल काढली, अक्षय मागे बसला, दोघे गाणं म्हणत उतारावरून गेले.

विष अंगात भिनायला वेळ लागत असावा.

३ जानेवारी २००८, गुरुवार

निसर्गावर सगळं सोडून चालत नाही. थोडी चालना द्यावी लागते. मंगळूला एकट्याला गाठून सांगितलं की अक्षय म्हणतो, याचे हात विटा थापायच्याच लायकीचे. मंगळूने विचार केला. मग सरळ गिरणीत जाऊन माझ्यादेखत अक्षयला विचारलं, तू असा बोल्लास काय रे? अक्षय म्हणाला की, मी नाय बोल्लो, पण हाय खरा. दोघे हसून हसून बाकड्यावरून खाली. मंगळू वर मला म्हणाला, काका लय जोक मारता तुमी.

यांना अपमानसुद्धा कळत नाही. अशा पिढीच्या हातात देश जाणार.

२३ जानेवारी, बुधवार

म्हशाच्या जत्रेला गेलो. भाकिताची शेवटची मुदत. गावातलं कोणाचंही डोकं फुटलेलं नाही, पण जत्रेत गर्दी, धूळ, दारू, सगळी सोय असते. अक्षय, मंगळू आणि भगीरथ तिघेही आले होते. मी मागावर राहिलो.

आणि झालीच मारामारी! बैलबाजारात दोन म्हातारे, डोक्याला फेटे, कपाळाला गंध. एकाने विकलेल्या बैलाचे दात दुसऱ्याला जास्त जुने निघाले. आधी शिव्या, मग काठी, मग कानफटात. एकाचं नाक फुटलं. या दोघांनी आयुष्यात व्हिडिओ गेम बघितला नसावा. पण नातवाने घरी आणला असेल, काही सांगता येत नाही.

सोडवायला कोण धावलं? अक्षय आणि मंगळू. एकाने एका म्हाताऱ्याला उचललं, दुसऱ्याने दुसऱ्याला, आणि दोघांना रसाच्या गाड्यावर नेऊन बसवलं. जिथे मारामारी करायची तिथे सोडवतात. तसंही ती आपल्या हद्दीबाहेर होती, गुण मिळालेच नसते.

आणखी एक. लखमा बैल बघत होता. दलालाने रुमाल टाकून खालून त्याची बोटं धरली होती, भाव ठरतच आला होता. बैल बाहेरून देखणा, पण मागचा पाय टाकताना अडखळत होता. लखमाला लहानपणापासून बैलातलं कळत नाही, नुसती शिंगं बघतो. मी शेजारच्या दावणीला बांधलेल्या म्हशीला मोठ्याने म्हणालो की बाई, काही लोकांना मागचा पाय बघायची अक्कल नसते. लखमाने रुमालाखालून हात काढून घेतला. दलालाने मला आईवरून शिवी दिली.

मी लखमाशी बोललो नाही. एका परक्या म्हशीशी बोललो.

१० फेब्रुवारी, रविवार

नेतृत्वाने वाट बघत बसायचं नसतं. आज गिरणीवर अहिंसा मोर्चा काढला. मोर्चात मी, बॅनर, आणि बॅनरचं दुसरं टोक धरायला टपरीवाला. घोषणा दिल्या. आत पोरं खेळत होती. कोणी बाहेर येईना. मी आत गेलो. पडद्यावर लाल चड्डीवाला कोणाच्या तरी छातीवर नाचत होता. माझ्यातला कार्यकर्ता जागा झाला. हातातली बॅनरची काठी टीव्हीवर घातली.

काच फुटली. मला इतकं बरं वाटलं! तंटा झाला होता. स्पष्ट, ठळक, साक्षीदारांसकट. मी भगीरथला म्हणालो, चल, तक्रार दे.

तो कोपऱ्यातला झाडू घेऊन आला आणि म्हणाला, काका, पाय वर घ्या, काच लागंल.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

भगीरथ तक्रार देत नाही. दोन दिवस मागे लागलोय. तक्रार मीच लिहून नेली, माझ्याविरुद्ध चांगले कडक शब्द वापरले. तो म्हणतो, तुमच्या हातून चुकून झाला असंल. मी शपथ घेऊन सांगितलं की मुद्दाम केलं. तो म्हणतो, आपन आता एका गावातली माणसा, काय कागद करायचा, आपनच टीव्ही रिपेर करतो, जुनी पिक्चर ट्यूब पडलीय घरात.

मैनाने त्याच्याकडे नाचणीचे पापड पाठवले. मला न विचारता. आणि म्हैस लाथ मारण्यापूर्वी बघते तसं माझ्याकडे बघितलं.

माणसाला साधं चिडता येत नाही, मग यांच्यातून नागरिक कसा घडणार?

३० मार्च, रविवार

आजचा प्रकार शास्त्रीय दृष्टीने लिहून ठेवतो.

जुन्या काळचे संशोधक औषध आधी स्वतःवर घेऊन बघत. तेव्हा आज मी स्वतः गेम खेळायला गिरणीत गेलो. टीव्ही चालू झालाय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लाल चड्डीवाला मला दिला. समोर कोण बसणार म्हणून बघतात, तर अक्षयला राबाच्या, म्हणजे भातरोपांची जमीन भाजायच्या, कामाला हाक मारायला लखमा दारात उभा. अक्षयने त्याला दंडाला धरून बाकड्यावर बसवलं, पिवळ्या दाढीवाला दिला, म्हणाला, बाबा, एकच गेम.

बाकडं लहान आहे. खांद्याला खांदा लागत होता. मी टीव्हीकडेच बघत होतो.

सुरुवातीला दोघांनाही काही जमेना. लाल चड्डीवाला भिंतीकडे तोंड करून लाथा मारत होता. मग माझ्या हाती एक बटण लागलं, उडी मारून पोटात गुडघा. लखमाचा दाढीवाला आडवा. मी ओरडलो, घे! लखमा ओरडला, दादा, थांब तू आता! आणि मला उचलून आपटलं. मग मी त्याला. मग त्याने मला. हा बांधाचा, असं तो म्हणाला आणि एक लाथ घातली. हा वाटणीत तू घेतलेल्या मोहाच्या झाडाचा, मी म्हणालो. एकदा आमचे दोघेही एकदमच मेले. लखमा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मी त्याच्या पाठीवर थापटलं. दारात मैना, ताराबाई, अर्धा गाव उभा होता. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

लाइट गेली तेव्हा थांबलो. वाट एकच, म्हणून बरोबरच घरी आलो. गोठ्याशी आल्यावर लखमा म्हणाला, दादा, उद्या राब भाजायचाय, येशील? बैलाला नव्हे. मला.

निष्कर्ष: प्रयोगात हिंसा निर्माण झाली नाही. फेब्रुवारीत काठी लागल्यापासून मशीनमध्ये दोष असावा.

६ एप्रिल, रविवार

आठवडाभर राब. पालापाचोळा, शेण, वरून माती, आणि भाजणं. आम्ही दोघे पूर्वी वडिलांबरोबर भाजायचो तसंच. लखमाने न सांगता बांधाला वीतभर माती चढवली. मी पण थोडी चढवली. आता तो बांध दोघांच्याही बाजूने जाड झालाय, भात कमी येणार. येऊ दे.

दुपारची भाकरी त्याच्याकडे. त्याच्या बायकोने सुकट केली होती. आईच्या हातची चव. मैना मला न सांगता अधूनमधून तिथे जात होती असं आज कळलं. दुसऱ्या कोणाची बायको असती तर मी बोललो असतो.

संध्याकाळी रोज गेम. लखमा आता माझ्याहून चांगला खेळतो, कारण तो विचार करत नाही.

मी खूश आहे. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय.

२० एप्रिल, रविवार

समितीची बैठक. गावही जमला होता. ताराबाई मोठा शोध लावल्यासारखी बोलली. म्हणाली, गावचा एकच तंटा होता, दोघा भावांचा, तो मिटला. तोच लिवा, दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा, जुना तंटा म्हणून गुन पन चांगले मिळतील. सगळे म्हणाले, खरंच की. अक्षयने शिट्टी मारली.

मी हबकलो. म्हणजे पेपरात काय येणार? तंटामुक्ती अध्यक्षाचाच तंटा मिटला. कुडेखोलचा तो माणूस हे कापून भिंतीला लावील. मी ठामपणे सांगितलं की मुळात तंटा नव्हताच, मग मिटेल कुठून?

लखमा उभा राहिला. ताराबाईने त्याला आधीच सांगितलं असावं, सही करायला धुतलेला शर्ट घालून आला होता. म्हणाला, दादा, तंटा नव्हता तर आई गेली तवा दोन दहावे का झाले? नदीवर तू वरच्या अंगाला, मी खालच्या अंगाला. एकाच आईचे दोन पिंड, कावळा बी गोंधळला. मी म्हणालो की तो तत्त्वाचा प्रश्न होता. तो म्हणाला, मग तत्त्व मिटला असा लिव, पन लिव.

मी मार्ग काढला. याला म्हणतात अनुभव. सुचवलं की तक्रारदार म्हणून लखमाचं नाव घालू, आणि विरुद्ध बाजू म्हणून 'अज्ञात इसम'. गुणही मिळतील, नावही राहील.

लखमाने माझ्याकडे बघितलं. मग चप्पल पायात घालून निघून गेला. चर्चा अर्धवट सोडून जाणं हे असंस्कृतपणाचं लक्षण आहे. मैनाही उठली.

येईल. घरचाच आहे.

४ मे, रविवार

आला नाही. दोन आठवडे गेमला माझ्याबरोबर बसायला कोणी नाही. अक्षय म्हणतो, मोठे काका, आज नको. भगीरथने एकदा मला एकट्याला मशीनविरुद्ध खेळायला बसवलं. मशीनने मला मारलं.

मैना जेवायला वाढते, बोलत नाही. प्रियांका बोलते, ते त्याहून वाईट. म्हणाली की बाबा, एका सहीचा प्रश्न होता. मी विचारलं, सहीखाली नाव कोणाचं राहणार? ती म्हणाली, तुमचं आणि काकाचं, एकाखाली एक, त्यात वाईट काय? या वयात माणसाला पदाची जबाबदारी कळत नाही.

सफारी शिवून आली. पोटाला घट्ट आहे.

९ मे, शुक्रवार, रात्री जेवण न करता

तपासणी समिती आली. जीप, तीन साहेब, नारळ, पोहे. मी सफारीत. बटणं लावून श्वास रोखून भाषण केलं. विषय: व्हिडिओ गेम आणि खेड्यातील हिंसाचार. गेममुळे गावोगावी डोकी फुटत आहेत, पण आमच्या गावात माझ्या सतर्कतेमुळे एकही नाही. एका साहेबांनी विचारलं की गेम कुठे आहे. मी गिरणी दाखवली. आत मंगळू आणि दोन पोरी कॉम्प्युटरवर माणसं मारत होते. साहेबांनी विचारलं की इथे भांडणं होतात का. मंगळू म्हणाला, होतात ना सायेब, लाइट गेल्यावर, एमेसीबीशी.

मग फाइल मागितली. दिली. त्यात माझा फोटो होता. साहेबांनी पानं उलटली आणि बंद केली.

जाता जाता त्यांच्यातल्या म्हाताऱ्या साहेबांनी उगाच, पद्धत म्हणून, बसलेल्या लोकांना एकेकाला विचारलं की काही वाद? रस्ता? पाणी? सगळे नाही म्हणाले. मग लखमाची पाळी. साहेबांनी विचारलं, भाऊबंदकी वगैरे?

मी त्याच्याकडे बघितलं. तेव्हा त्याने सांगितलं असतं तरी चाललं असतं. खरंच. सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर मी उठून सही केली असती. असं मला आता वाटतंय.

लखमा म्हणाला, भाऊ असंल तर भाऊबंदकी, सायेब. मला भाऊ नाय.

साहेबांनी लिहून घेतलं, वाद नाही. ताराबाईने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघायला लागली. जीप गेली. पोहे उरले.

१० मे, शनिवार

पहाटेपासून विचार करतोय. मोठा उलगडा झाला.

सहा महिने मी पुरावा शोधत होतो आणि तो माझ्यासमोर उभा होता. लखमा तीन आठवडे रोज गेम खेळला. रोज लाथा, रोज आपटणं. त्याआधी हा माणूस कसा होता? बांध कोरला, पण बोलला नाही. आईच्या वेळी खालच्या अंगाला उभा राहिला, पण बोलला नाही. इतकी वर्षं बैलाशी बोलला, पण एक वाईट शब्द काढला नाही. आणि काल, सगळ्या गावासमोर, इतकं हिंसक वाक्य! हा गेमचाच परिणाम. दुसरं कारण असूच शकत नाही.

म्हणजे सिद्ध झालं. मी पहिल्या दिवसापासून बरोबर होतो. प्रियांकाच्या शास्त्रज्ञांना कळवायला हवं.

मीही तितकाच खेळलो, पण माझ्यावर काही परिणाम नाही. मनावर ताबा लागतो.

जून. तारीख बघायला कॅलेंडरपर्यंत उठलो नाही

बक्षीस कुडेखोलला. ताराबाई म्हणाली, पुढच्या सालाला अध्यक्ष दुसरा बघू, तुमाला बी आराम पायजे. मी स्वतःच राजीनामा देणार होतो.

आज अक्षयचा बारावीचा निकाल लागला. चांगले मार्क. लखमाने गावात पेढे वाटले. पार वरच्या पाड्यापर्यंत, भगीरथला, टपरीवाल्याला. आमच्याकडे लखमाची बायको येऊन गेली. उंबऱ्यातूनच मैनाच्या हातात कागदाची पुडी दिली आणि म्हणाली, वयनी, तुमाला नि प्रियांकाला. मी ओटीवर पेपर वाचत होतो. पेपर वर धरला होता म्हणून तिला दिसलो नसेन.

पुडीत पेढे दोन होते. प्रियांकाने तिचा घेतला आणि अक्षयला भेटायला म्हणून पळाली. मैनाने तिच्यातला अर्धा मोडून माझ्यासमोर ठेवला. मी म्हणालो की भूक नाही. ती म्हणाली, पेढ्याला भूक लागत नाय. आणि आत गेली.

बऱ्याच वेळाने खाल्ला. चांगला होता. मुरबाडहून आणले असतील.